तिसऱ्या मजल्यावरची खोली

आमच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्याच्या टोकाला प्रार्थनेची खोली आहे. कुणी तिथे खुर्चीवर बसून दिवा लावतं, कुणी चटईवर गुडघे टेकतं. ही खोली सांभाळतात आमच्या मावशी. नियम असा की एकाची प्रार्थना झाली की दुसरा यायच्या आत त्याची खूणही राहू नये. म्हणून मावशी दिवसभर खुर्च्या उचलून भिंतीला लावायच्या, चटया गुंडाळायच्या, दिवा कपाटात ठेवायच्या आणि पुन्हा सगळं काढायच्या. यात त्यांची कंबर गेली. खाली चादरींच्या खोलीत बदली द्या, असं त्या साहेबांच्या मागे लागल्या होत्या.

त्या दुपारी खुर्ची उचलता उचलता त्यांच्या कमरेत उसण भरली आणि त्या तिथेच बसल्या. दिवा तसाच जळत होता. समोर एक आजी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या नातवाला ऑपरेशनला नेलं होतं. तेवढ्यात एक रंगारी आला. त्याची बायको आठवडाभर अतिदक्षता विभागात होती.

"मावशी, चटई?"

"तूच घे बाबा. आज मला जमायचं नाही."

आजींनी डोळे उघडले आणि लगबगीने दिव्याकडे हात नेला. "थांब हं, विझवते. तुम्हा लोकांना चालत नाही ना आमचा दिवा."

"कोण म्हणालं?" रंगारी गोंधळला. "उलट आमची चटईच तुम्हाला नको असते. म्हणून तर मावशी गुंडाळतात."

"अगंबाई! आम्ही कशाला नको म्हणू?"

दोघांनी मावशींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? वरून सांगितलं ते मी केलं," मावशी म्हणाल्या. मग हसू आलं, पण हसताना कंबर दुखली. "म्हणजे एवढी वर्षं मी कुणासाठी मरत होते?"

दिवा राहिला. रंगाऱ्याने शेजारीच चटई पसरली.

मावशी जिना उतरून साहेबांकडे आल्या तेव्हा मी तिथेच कागद लावत होतो. त्यांनी घडलेलं सांगितलं. "नियम काढा, नाहीतर बदली द्या."

साहेबांनी चष्मा पुसला. "नियम काढला आणि उद्या कुणी भांडलं तर? आणि बदली कशी देऊ? तुमच्या खोलीची आजवर एक तक्रार नाही. दुसऱ्या कुणाला बसवलं की तो कुणाच्या बाजूचा, इथूनच सुरुवात होईल."

मावशी वर गेल्या, पण त्यांनी चटई गुंडाळली नाही की दिवा कपाटात ठेवला नाही.

काही दिवस खोलीत दोन्हीकडचं सामान मांडलेलंच असायचं. आजी आणि रंगारी नव्या माणसांना समजावून सांगत. मग आजी नातवाला घेऊन घरी गेल्या. रंगाऱ्याची बायको वाचली नाही; तोही पुन्हा आला नाही. इस्पितळात माणसं टिकत नाहीत. नवी आली, त्यांनी दारातूनच विचारलं, "हे कुणाचं? उचला आधी."

"ज्यांचं आहे त्यांना विचारून या, मग उचलते," मावशी सांगतात.

काही जण विचारून येतात. बाकीचे नुसते दारात उभे राहतात. मग मावशी भिंतीचा आधार घेऊन उठतात आणि उचलतात.