पान उलटण्यापुरता विराम

टोरंटोतल्या एका ग्रंथालयात मी जुन्या कागदांचे फोटो काढायची. अठराव्या शतकातल्या ऑपेरांच्या हस्तलिखित नकला होत्या त्या. तेव्हा नक्कलनवीस बसून प्रत्येक वादकासाठी स्वरलिपीची वेगळी पानं हातानं उतरवत. माझ्या नवऱ्याला त्यांचा हेवा वाटे. वसईच्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत मोठा झालेला हा माणूस टोरंटोजवळच्या रिचमंड हिलला आल्यावरही चर्चमधल्या आमच्या क्वायरच्या वादकांची पानं स्वतःच लिही. झेरॉक्सचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. "तुझा जन्मच चुकीच्या शतकात झालाय," मी म्हणायची.

एकदा मी त्याला सांगितलं, त्या जुन्या पानांचे कोपरे बोटं लागून काळे पडलेत आणि पान नेमकं वाद्य थांबतं तिथेच संपतं.

"अगं, वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात," तो हसला. "पान उलटायला एक हात मोकळा व्हायला नको? तळाशी विराम येईल असंच लिहायचं असतं. मशीनला काय कळतंय!"

त्याचा कॅन्सर कळला तेव्हा फार उशीर झाला होता. आमची मुलगी कॅल्गरीत इंजिनिअर. लहानपणी त्याच्याकडूनच व्हायोलिन शिकलेली, कॉलेजात गेल्यावर सोडून दिलेलं. ती नाताळला येणार होती. तिनं आपल्यासमोर एकदा वाजवावं, एवढाच ध्यास त्यानं घेतला. मी ग्रंथालयाची परवानगी काढून तिथल्या एका ऑपेरातल्या गाण्याची प्रिंट आणली. त्यावरून तो तिच्यासाठी पानं लिहू लागला. दोन ओळींत हात गळून जायचा.

"प्रिंटवरून वाजवेल ना ती!" मी चिडले. खरं तर मला ते बघवत नव्हतं.

"त्यात सगळ्या वाद्यांचं एकत्र आहे. सारखी पानं उलटावी लागतील. शी विल गिव्ह अप," तो म्हणाला.

नाताळपर्यंत तो राहिला नाही.

दफनविधी आटोपून माणसं गेल्यावर मुलीनं बेसमेंटमधून त्याचं व्हायोलिन आणलं आणि त्यानं लिहिलेली पानं स्टँडवर लावली. सुरुवात खरखरीत झाली, मग हात बसला. पानाच्या तळाशी विराम आला. तिनं हात मोकळा करून पान उलटलं. पुढे फक्त आखलेल्या रेघा होत्या.

"मम्मी, व्हेअर इज द नेक्स्ट पेज?"

"एवढंच आहे गं."

तिनं व्हायोलिन खांद्यावरून उतरवलं नाही. ती म्हणाली, "प्रिंट दे. आय वॉन्ट टू फिनिश इट."

मी प्रिंट आणून स्टँडवर लावली. ती पुढे वाजवू लागली. पान संपत आलं तेव्हा तिचे दोन्ही हात अडकलेले होते. मी पुढे झाले, पण मला त्यातलं काही वाचता येत नाही. मी पान उलटेपर्यंत सूर तुटला होता.

"सॉरी, मम्मी," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिचं काय चुकलं होतं? तिचा हात मोकळा करून देणारा माणूसच गेला होता.