हिरापर्यंत न पोचलेलं औषध

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुडे मोजत होते. पलीकडून घाटघरचे आबा, हिराचे वडील, एवढंच म्हणाले, "पोरी, हिरा गेली." मी "हो" म्हटलं. नुसतं "हो"... आणि पुन्हा मोजायला लागले. हात थांबले ते कितीतरी वेळानं. याला आता सहा आठवडे झाले.

हिरा आणि मी जुन्नरच्या शाळेत आठवीपासून एका बाकावर. ती घाटघरहून येऊन मुलींच्या वसतिगृहात राहिलेली. मी बाजारपेठेत कुलपं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. रमजानात माझा रोजा असायचा म्हणून ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन मैदानाच्या पार टोकाला जायची आणि चूळ भरूनच परत यायची. "तुला वास नगं यायला," म्हणायची. पुढे ती शिनोलीकडच्या एका शाळेत शिक्षिका झाली, तिथंच खोली घेऊन राहिली. मी पुण्याला प्रयोगशाळेत लागले. तू नेमकं करतेस तरी काय, असं तिनं एकदा विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. नको ते आत जाऊ नये म्हणून. पण त्यामुळे औषधही आत जात नाही. म्हणून रक्तपेशीहूनही बारीक, आत वायू भरलेले बुडबुडे शिरेतून सोडायचे, आणि बाहेरून नेमक्या जागी सोनोग्राफीत वापरतात तसल्या ध्वनिलहरी द्यायच्या. बुडबुडे फुगतात, आकसतात, भिंत काही तास किलकिली होते, आणि औषध तेवढ्याच जागी उतरतं. ती खळखळून हसली. "म्हंजे दार न फोडता कडी काढायची! बापाचाच धंदा करतीयास की तू!"

दोन वर्षांनी वर्गात शिकवताना तिला 'फळा' हा शब्द आठवेना. पोरं हसली, तीही हसली. मग 'खडू' गेला. मग मुलांची नावं जाऊ लागली... डोक्यात गाठ निघाली, बोलण्याच्या जागेला लागूनच. पुण्याला ऑपरेशन झालं, पण सगळी गाठ काढता आली नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्यांतलं औषध मेंदूत कितीसं उतरतं, ते माझ्याइतकं त्या वॉर्डात फार थोड्यांना ठाऊक असेल. शुद्धीवर आल्यावर तिनं माझा हात धरला. "नसीम, तुझे ते... बुडबुडे."

"आमचं काम अजून उंदरांवरच आहे गं."

पलंगाच्या पायथ्याशी बसलेले आबा तेवढ्यात म्हणाले, "उंदराला देता, मग माज्या पोरीला का न्हाई?"

परदेशात काही ठिकाणी माणसांवर चाचण्या चालू आहेत. तिथं मी पत्रं लिहिली, तिचे सगळे स्कॅन पाठवले. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं. गाठ मेंदूच्या दुसऱ्या बाजूलाही गेली आहे, चाचणीत घेता येणार नाही. ते उत्तर घेऊन मी शिनोलीला तिच्या खोलीवर गेले आणि तिला म्हटलं, विचार चालू आहे त्यांचा. तिनं मान हलवली. "तुला... खोटं बोलता येत न्हाई. शाळंतबी येत नव्हतं." मग शब्द शोधत, थांबत थांबत तिनं विचारलं, "तुमच्याकडं मशीन हाय. बुडबुडे हायेत. चोरून... नेशील मला?"

मी तिला सांगितलं, उंदराची कवटी पातळ, माणसाची जाड. दाब जरा चुकला तर मेंदूत रक्तस्राव होईल.

"झाला तर? तशीबी मरणारच हाय ना मी?"

मी नाही म्हटलं. माझ्याकडे कारणं होती, आजही आहेत, आणि त्यातलं एकही चुकीचं नाही. पण तिला हे सांगितलं नाही, की आठवडाभर आधी मी तिच्या वजनाचा हिशोब करून बुडबुड्यांचं प्रमाण काढलं होतं, आणि मग कागद फाडून टाकला होता.

शेवटची भेट घाटघरला, दुपारी. आबांनी तिला उन्हात भिंतीला टेकवून बसवलं होतं. तिच्याकडे एकच शब्द उरला होता, 'हां'. पाणी हवं का? हां. दुखतंय का? हां. मी तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, "हिरा, माझा राग आलाय तुला?"

"हां," ती म्हणाली.

आबा घाईनं पुढं आले. "पोरी, मनावर घेऊ नगं. ती समद्यालाच हां म्हणती." असेल. पण त्या वेळी ती माझ्याकडे सरळ बघत होती...

गेल्या आठवड्यात आमच्या उंदरांच्या मेंदूत औषध उतरल्याचं पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं. प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. साडेचार झाले होते. शाळा सुटली की या वेळेला हिराचा फोन यायचा, म्हणून अजूनही साडेचारला माझा हात फोनकडे जातो. त्या दिवशी मीच तिचा नंबर लावला. फोन आता आबांकडे असतो.

"आबा, उंदरांत औषध पोचलं."

वाऱ्यातून त्यांचा आवाज आला.

"मंग आता माणसाला कवा?"

"माहीत नाही, आबा. लई वर्षं लागतील."

"बरं," ते म्हणाले. "भात लावायला घेतलाय. समदी खोळंबल्यात. ठेवू?"

मी "हो" म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता खिशात टाकला असावा. चिखलात पडणाऱ्या त्यांच्या पावलांचा आवाज मी कितीतरी वेळ ऐकत राहिले.