म्होरकी बदलली तेव्हा

आमच्या ह्यांनी जवळून पाहिलेला एकच घोडा म्हणजे स्वतःच्या वरातीतला, आणि त्याच्यावर बसायलाही ते नको नको म्हणत होते. अशा माणसाच्या नशिबी बहरीनला येऊन काय यावं, तर घोड्याची जाहिरात लिहिणं! नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे मुहर्रकला एका अरबाच्या पशुखाद्याच्या दुकानात क्लार्क होते. मालक म्हातारा. तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला यायचा, त्यामुळे हिंदी अगदी फर्डी. आम्ही त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचो. बुदैयाच्या रस्त्याला त्याची खजुराची बाग होती आणि बागेत हा घोडा.

शर्यतीचा नव्हे हं. तिकडे घोडा म्हटलं की सगळे त्या सडपातळ, नखरेल अरबी घोड्यांचं कौतुक करत बसणार. हा गाड्याचा. खूर ताटाएवढे, छाती कपाटाएवढी. कुणी गोरा साहेब देश सोडताना अरबाबकडे ठेवून गेला होता. बागेतलं खत, चारा, पाण्याची पिंपं, सगळं तोच ओढायचा. पुढे अरबाबच्या थोरल्या मुलाने पिकअप घेतली आणि घोडा बसून खायला लागला. मुलगा म्हणाला, विकून टाकू. म्हाताऱ्याचा जीव तीळतीळ तुटला. शेवटी बापलेकांत ठरलं की लोकांनी पैसे मोजून आपल्या घोड्या ह्याच्याकडे भरवायला, म्हणजे गाभण करून घ्यायला, आणाव्यात. मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्यांना थंड डोक्याची शिंगरं हवीच असतात. असं काही जमलं तर घोडा राहील, नाहीतर जाईल.

जाहिरात ह्यांनी टाइप केली, इंग्रजीत आणि अरबीत. मला वाचून दाखवताना कान लाल! मी म्हटलं, "अहो, मी मुरुडच्या टांगेवाल्याची लेक. मला काय नवीन आहे त्यात?" तर म्हणे, "अगो, हळू बोल, शेजारी ऐकतील." शेजारी मल्याळी, त्यांना काय कळणार होतं कपाळ?

दोन घोड्या आल्या आणि तशाच परत गेल्या. घोडा ढिम्म. दुसरी आली तेव्हा शुक्रवार होता आणि मी पुदिना खुडायला बागेत गेलेली. ह्यांनी मला लगेच गाडीत बसायला पाठवलं, पण गाडीला काचा असतात. घोड्याचं बघणारा केरळचा माळी होता, बिचारा मनाने सोन्यासारखा, पण घोड्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने घोडा आणला तो गाड्याच्या चामडी लगामात, डोळ्यांवर झापडं लावून! घोडीजवळ नेऊन उभा केला. घोडा आपला मान खाली घालून उभा, आता मागे गाडा जुंपतील म्हणून वाट बघतोय. मला हसावं की रडावं कळेना.

माझ्या अब्बांकडे टांग्याचा लगाम वेगळा आणि त्या कामाची सुती म्होरकी वेगळी. म्होरकी म्हणजे तोंडाला बांधायची साधी दोरी. टांग्याच्या लगामात घोड्याने एखाद्या घोडीकडे नुसतं बघितलं तरी चाबूक मिळायचा, त्यामुळे लगाम चढला की तो साधुसंत. म्होरकी चढवली की तोच घोडा दोन माणसांना आवरेना. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घोडी आणली की त्या दिवशी पोरींना घराबाहेर यायची बंदी असायची. पण कुडाला भोकं असतात आणि पोरींना डोळे.

त्या रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. लगाम काढा, झापडं काढा, दोरीवर न्या. हे मान हलवत होते, पण अरबाबसमोर "माझी बायको म्हणते" असं सांगायची ह्यांना लाज. मग दुसऱ्या दिवशी दुकानात अरबाबला काय सांगितलं असेल? "घोड्याला जरा मोकळं ठेवा." बस, एवढंच! माळ्याने तबेल्याचं दार सताड उघडं टाकलं. घोड्याने मुळ्याचे दोन वाफे फस्त केले आणि संध्याकाळी पोट धरून बसला. थोरला मुलगा भडकला. म्हणाला, पुढच्या शुक्रवारी तिसरी घोडी येतेय, आणि त्याच दिवशी ट्रकही येईल. नाही जमलं तर घोडा त्याच ट्रकमधून जाईल. खलास.

तो आठवडा मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. माझा राग घोड्यासाठीच होता असं नाही. परक्या मुलखात मला नीट येणारी एकच गोष्ट समोर आली होती आणि तीच तोंडातून काढायची चोरी!

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही बागेत पोचलो. घोडी आली होती, तिचा मालक आला होता, ट्रक फाटकाशी उभा होता. माळी घोड्याला घेऊन आला. पुन्हा तोच लगाम, तीच झापडं! मी गाडीचं दार उघडलं. हे म्हणाले, "अगो, बस तिथेच." मी म्हटलं, "तुम्ही बसा."

सरळ अरबाबपुढे जाऊन उभी राहिले आणि हिंदीत सांगून टाकलं. "अरबाब, इसको लगता है काम पे लाया है. लगाम निकालो." सगळे पुरुष एकदम खजुराच्या शेंड्यांकडे बघायला लागले. जमिनीने पोटात घ्यावं असं मला वाटत होतं, पण तोंड काही थांबेना. झापडांचं सांगितलं, चाबकाचं सांगितलं. अरबाब माळ्याकडे वळून म्हणाला, "यल्ला, निकालो."

बाजूला ताडपत्री बांधायची सुती दोरी पडली होती. मी तिथेच बसून म्होरकी वळली. गाठ बरोबर बसली. माळ्याच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन, पाठ करून, डोळे मिटून बसले. आधी काहीच ऐकू येईना. मग घोडा असा खिंकाळला की खजुरावरचे सगळे पक्षी उडाले. मागोमाग माळ्याची आरोळी, मग धुरळा, मग माणसांचा कालवा. हे धावत आले. "जमलं!" म्हणाले, आणि एवढा लाजाळू माणूस, त्यांनी सगळ्यांच्या देखत माझा हात धरला.

फाटकाशी ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. अरबाब काठी टेकत त्याच्याकडे गेला. "घोडीला तिच्या घरी पोचव," म्हणाला. "माझा घोडा इथेच राहील." थोरला मुलगा पुढे झाला. त्याने स्वतः ट्रकची फळी खाली घेतली.

अरबाब परतला, घोड्याच्या मानेवर कपाळ टेकलं आणि हमसून हमसून रडला. घोडा घामाने निथळत होता. मला राहवेना. मी गाडीतूनच ओरडले, "अहो, त्याला असं उभं नका करू, सावकाश फिरवावं लागतं!"

अरबाबने डोळे पुसले, घोड्याला घेऊन गाडीपर्यंत आला, आणि सगळ्या पुरुषांसमोर दोरी माझ्या हातात दिली.