कोटाच्या गुंड्या

होडीत बसताना अंगावर पुढच्या बाजूला गुंडी नको, हा त्या दोघा चुलत भावांचा नियम आहे. दोघे मुळा धरणाच्या फुगवट्यावर मासे धरतात. धाकटा माझा मित्र, शाळेत माझ्या वर्गात होता. आठवीनंतर त्याने शाळा सोडली, मी मास्तर झाल्यामुळे अजून सोडलेली नाही. थोरला आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, त्याला आम्ही दोघेही दादा म्हणतो. थंडीत दादा सदरा मागचा पुढे करून घालतो, गुंड्या पाठीवर. त्या वहिनी लावून देतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

"हस मास्तर, हस," दादा म्हणाला होता. "जाळ्याला डोळं न्हाईत. त्याला मासा आन् गुंडी येकच."

मी नगरच्या एका शाळेत मराठी आणि मूल्यशिक्षण शिकवतो. म्हणजे आठवड्यातून एकदा मी चाळीस पोरांसमोर उभा राहून खरं बोलण्याचे फायदे सांगतो. पोरं जांभया देतात. गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या जांभयांबद्दल मला आदर वाटू लागला आहे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दोघा भावांचं भांडण झालं. धरणाच्या पोटात जुन्या मळ्याची बाभळीची खोडं आहेत, पाणी उतरलं की त्यांची टोकं वर दिसतात. मित्राला त्या खोडांजवळ जाळं टाकायचं होतं, कारण मासा तिथेच दडतो. दादाचं म्हणणं, वारं सुटलं तर जाळं खोडात जाऊन फाटेल. शब्दाने शब्द वाढला आणि चार माणसांत दादा बोलून गेला, "तिथं टाकायचं आसंल तर मला घेऊ नको. आन् टाकलंस तर मीच येऊन कापीन." सगळे हसले, पण मित्र हसला नाही. वीस वर्षं दादा त्याची होडी वल्हवत होता. त्याने रविवारसाठी दादाऐवजी मला बोलावलं.

मी गेलो तो नवा कोट घालून. जाड, तपकिरी, भाचीच्या लग्नासाठी शिवलेला. गुंड्यांचा नियम मला माहीत होता. पण वारा असा होता की मोटारसायकलवरून उतरल्यावर माझी हनुवटी मला सापडेना. शिवाय, कबूलच करायचं तर, काठावरच्या चार लोकांना तो कोट दिसावा अशीही माझी इच्छा होती. मित्राने एकदा गुंड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मफलर तरी सोड त्याच्यावर." मी मफलर सोडला. वाऱ्याने तो लगेच खांद्यावर नेऊन टाकला.

जाळं टाकण्याची त्यांची पद्धत सोपी आहे. एकाने मागे बसून वल्हवायचं, दुसऱ्याने पुढे बसून जाळं पाण्यात सोडत जायचं. जाळ्याच्या वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे, पहिल्या टोकाला दगड. होडी पुढे जाते तसं जाळं वल्हवणाऱ्याच्या कुशीला घासत मागे जातं. संध्याकाळी टाकायचं आणि पहाटे काढायचं. एवढंच. मी मात्र वल्हं मारलं की होडी नाक वळवून माझ्याकडेच पाहायला यायची.

"मास्तर, वल्हं पान्यात घाल," मित्र पाठ न वळवता ओरडायचा. "हवेत काय शिकवनी घेतो?"

खोडांच्या कडेने निम्मं जाळं पाण्यात गेलं असेल. वाऱ्याच्या एका झोताने होडी तिरकी झाली आणि वरची दोरी माझ्या कोटाच्या मधल्या एका गुंडीत बसली. बसली म्हणजे अशी की जणू काज तिच्यासाठीच केलं होतं. होडी एकीकडे, जाळं दुसरीकडे, आणि मध्ये मी. मला पोहता येत नाही. पायाशी मित्राची सुरी होती. ती मी उचलली.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीच मी पुढे बरेच दिवस कुणालाही सांगितली नाही. गुंडी कापणं शक्य होतं. ती समोर होती, सुरी हातात होती. पण तो कोट नवा होता. हा विचार माझ्या मनात आला, मला तो स्पष्ट आठवतो. मी दोरी कापली. आणि पुढच्याच क्षणी जाळ्याच्या ओढीने गुंडीसुद्धा टचकन तुटून पाण्यात गेली.

"काय झालं रं?" मित्राने विचारलं. कानटोपी ओढलेली, तोंड वाऱ्याकडे, त्याला काहीच दिसलं नव्हतं.

"काही नाही. वल्हं अडकलं होतं."

घरी बायकोने विचारलं, "गुंडी कुठं गेली?"

"बसमध्ये तुटली, गर्दीत."

"तुम्ही तर मोटारसायकलवर गेला होतात," ती म्हणाली, आणि तिने तिथे एक काळी गुंडी लावून दिली. तपकिरी मिळाली नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मित्राचा फोन आला. "मास्तर, जाळं कापलं कुनीतरी. निम्मं बाभळीत जाऊन चिंध्या झाल्या."

"कुणी?" मी विचारलं. आयुष्यात मी बरेच कमी प्रतीचे शब्द उच्चारले आहेत, पण त्या 'कुणी'च्या जवळ जाईल असा एकही नाही.

"दुसरं कोन? चार मान्सात बोलला व्हता की."

"असं एकदम म्हणू नये. पुरावा हवा," मी म्हणालो. मूल्यशिक्षणाचा मास्तर ना.

"दोरी बग की येऊन. तुटली आसती तर तिला मिशा फुटल्या आसत्या. ही सुरीनं काकडी कापल्यावानी सरळ हाय." मग थोडं थांबून म्हणाला, "आता त्याला होडीत घेनार न्हाई. तू येशील का रविवारचा?"

मी हो म्हणालो. आणि मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. कापणाऱ्याला दादाची जागा बक्षीस मिळाली होती.

दादाने आपली बाजू मांडली नाही. एवढंच म्हणाला म्हणे, "वीस वर्षांत तुला येवढंच कळलं व्हय माझं?" आणि त्याने ट्रकच्या टायरची ट्यूब आणली. तिच्यावर फळी बांधून माणूस बसतो, दोन्ही हातांत दोन लहान फळ्या घेऊन पाणी मागे लोटतो. पाय मात्र पाण्यातच राहतात. डिसेंबर-जानेवारीचं पाणी, आणि गुडघेदुखीचा साठीकडे झुकलेला माणूस. दर रविवारी मी होडीत त्याच्या जागेवर बसायचो, आणि लांब पाण्यावर ती काळी ट्यूब दिसायची, तिच्यावर उलट्या सदऱ्यातला दादा. मी वल्हं मारताना त्या बाजूला पाठ येईल असा बसायला शिकलो. वल्हवण्यातलं तेवढं एकच कौशल्य मी कमावलं.

दुसऱ्या रविवारी मित्राने बाभळीतून काढलेलं फाटकं जाळं काठावर पसरलं होतं. गुंडी त्यातच असणार होती. मी चटकन मांडी घालून बसलो आणि "मी मदत करतो" म्हणून जाळ्याचं एकेक छिद्र तपासू लागलो. मित्राला भरून आलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "शिकल्याला मानूस, पन बगा, मातीत बसून जाळं नीट करतो." दोन तासांनी गुंडी सापडली, शेवाळाने हिरवी झालेली. मी ती खिशात टाकली. "झालं का मन भरून?" मित्राने कौतुकाने विचारलं. मी हो म्हणालो.

त्या गुंडीने मला छळलं. वर्गात खडू काढायला खिशात हात घातला की तीच हाताला यायची. प्रत्येक रविवारी आज सांगू असं ठरवून निघायचो. कधी मासे चांगले मिळाले म्हणून, कधी नाही मिळाले म्हणून, तर एकदा चहा फार छान झाला होता म्हणून सांगायचं राहिलं.

जानेवारीतला तो रविवार फारच गार होता. मी तोच कोट घातला, पण गाडीवर छातीला वारा लागू नये म्हणून मागचा पुढे करून. बायकोने पाठीवर गुंड्या लावून दिल्या, तीन तपकिरी आणि एक काळी. होडीत तसाच बसलो. आदल्या संध्याकाळी टाकलेलं जाळं काढायला आम्ही निघालो तेव्हा वारा वाढत होता, पाण्यावर पांढऱ्या रेघा दिसत होत्या. थोड्या वेळाने मला ट्यूब दिसली. पाठ करून बसलो होतो तरी दिसली, कारण ती आमच्या पुढे निघून चालली होती. दादा हातातल्या फळ्या मारत होता, वारा त्याला पलीकडच्या काठाकडे, मधल्या खोल पाण्यावरून ढकलत होता.

"दादा वाहत चाललाय," मी म्हणालो.

मित्राने पाहिलं. जाळ्यातला चिलापी मासा सोडवत म्हणाला, "जाईल पलीकडं. येईल रस्त्यानं चालत."

"पलीकडून रस्ता केवढा आहे. आणि त्याचे गुडघे..."

"जाळं कापायला आला तवा बरं व्हतं गुडघं."

मी वल्हं होडीत ठेवलं आणि खिशातली गुंडी त्याच्यासमोर धरली. नीट बोलायचं ठरवलं होतं, महिनाभर वाक्यं जुळवली होती. तोंडातून एवढंच आलं, "दोरी मी कापली. कोटाला अडकली होती. गुंडी कापता आली असती, पण कोट नवा होता."

त्याने गुंडी घेतली नाही, नुसती पाहिली. मग माझ्याकडे. वाऱ्याने होडी आडवी झाली तरी तो बघतच होता.

"जाळं नीट करायला बसला व्हतास," तो म्हणाला, "ते हिच्यासाठी?"

मी मान हलवली.

"वल्हं हिकडं दे." तेवढंच. माझी जागा घेताना त्याने मला पुढे ढकललं, रागाने की घाईने कळलं नाही. मग त्याने अशी होडी मारली, की महिनाभर तिला मी काय सोसायला लावलं होतं ते मला कळलं.

ट्यूबजवळ पोचलो तेव्हा दादाचे ओठ निळे होते, पण त्याने आमच्याकडे मान वळवली नाही.

"दादा, ये वर."

"कापनाऱ्याला कशाला घेतो होडीत?"

"कापनारा आधीच बसलाय की होडीत," मित्राने माझ्याकडे हनुवटी केली. मग आवाज एकदम खाली गेला. "चुकलं माझं. ये."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी गुंडी दाखवली. सगळं सांगितलं, कोट नवा होता हेसुद्धा. तो वर चढला, ट्यूब मागे बांधली, आणि माझ्या मित्राला वल्ह्यावरून उठवून आपल्या जागेवर बसला. मला मध्ये, ओल्या जाळ्यावर, त्याच्याकडे पाठ करून बसावं लागलं. माझ्या गुंड्या त्याच्या डोळ्यांसमोर आल्या.

"आज उलटा घातलाय व्हय?" तो म्हणाला. "ही काळी कशी?"

"ती तुटली त्याच्या जागी."

"सुरी दे रं," तो मित्राला म्हणाला. मी डोळे मिटले. पाठीवर टच, टच, टच, टच असे चार आवाज झाले. गुंड्या त्याने पाण्यात टाकल्या नाहीत. माझ्या पुढ्यात जाळ्यावर टाकल्या.

"आता बस गार वाऱ्याला. पुन्ना होडीत याचं आसंल तर आसा ये."

'यायचं असेल तर' हे शब्द मी पकडून ठेवले आहेत. पुढे बोलावणं मात्र आलेलं नाही. मित्र फोन उचलतो, पण विचारतो तेवढंच सांगतो.

त्या दिवशी काठाकडे येताना कोट पाठीवर उघडा पडला होता, वारा मानेपासून कमरेपर्यंत सरळ आत शिरत होता. मी पुढून कोट घट्ट धरून बसलो, त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या डोक्यावरून ते दोघे बोलत होते.

"खोडात टाकू नको म्हनलो व्हतो."

"म्हनला व्हतास."

"मासा तरी घावला का?"

"त्या रातीला सहा. तुझ्या शेंबड्या मास्तराच्या पायगुनानं."

"माझा कशाला? तुझाच वर्गमित्र."

काठ येईपर्यंत तो मास्तर कुणाचा, यावर त्यांचं एकमत झालं नाही.