सिस्टर सल्लागार झाल्या

सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात ज्ञानदा आपटे कितीतरी वर्षं सिस्टर होत्या, आणि त्यातली बहुतेक बाळंतिणींच्या वॉर्डात. एकदा एका पेशंटला स्ट्रेचरवर घेताना त्यांच्या कमरेत चमक भरली ती कायमची. मणका सरकला होता. वजन उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे वॉर्ड संपलाच.

घरी पडून पडून जीव कातावला, म्हणून त्यांनी टपालानं व्यवस्थापनाचा कोर्स केला. सत्त्याण्णव साली पुण्याच्या एका सल्लागार कंपनीनं सांगलीत ऑफिस थाटलं. दवाखान्यांची कामं येत होती, पण दवाखाना आतून पाहिलेलं माणूस कंपनीत एकही नव्हतं. ऑफिसचा प्रमुख पुष्कर जेमतेम तिशीतला. ज्ञानदाबाईंचा अर्ज वाचून तो म्हणाला, "ताई, आमचं काम तुम्हाला शिकवू आम्ही. तुमचं आम्हाला कोण शिकवणार?"

बेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या नावाचं कार्ड छापून आलं, खाली 'व्यवस्थापन सल्लागार'. भाऊबीजेला आलेल्या भावालाही त्यांनी ते आवर्जून दाखवलं.

पहिलंच काम विट्याच्या पुढचं. आटपाडीच्या रस्त्याला एका गावात ट्रस्टचा दवाखाना होता. परमुलखात सोनं गाळायची दुकानं काढून वर आलेल्या गावकऱ्यांनी तो बांधला होता. ट्रस्टचे अध्यक्ष लालासाहेब, त्यांचं दुकान कोइमतूरला. दवाखाना का चालत नाही, ते कंपनीनं सांगायचं होतं.

तिथली जुनी आया हरणाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमी सिस्टर हाय न्हवं? खाटंची चादर वडली तुमी, तवाच वळाकलं म्या."

ज्ञानदाबाई लाजल्या. बोलता बोलता हात कधी चादरीकडं गेला, त्यांनाही कळलं नव्हतं.

दवाखान्यात बाकी सगळीकडं शुकशुकाट असे, पण बाळंतिणींच्या खाटा रिकाम्या राहत नसत. आसपासच्या वाड्यांवरच्या बायकांना दुसरा आसराच नव्हता. ज्ञानदाबाईंनी मन लावून अहवाल लिहिला. डॉक्टर वेळेवर यावेत, औषधांची खरेदी सुधारावी, आणि काहीही झालं तरी बाळंतपणाचा विभाग चालू ठेवावा.

पुष्करनं तो शांतपणे वाचला. "ताई, हे तुम्ही सिस्टर म्हणून लिहिलंय."

"मग कसं लिहू?"

"लालासाहेबांना आईच्या नावानं सीटी स्कॅनचं मशीन बसवायचंय. त्याला तळमजल्यावरची तीच जागा लागणार. त्यांचं ठरलंय सगळं. आपण फक्त ते नीट मांडायचं."

"ठरलंय तर आपल्याला कशाला बोलावलं?"

पुष्कर अवघडला. "कुणीतरी बाहेरच्यानं सांगावं लागतं, म्हणून."

अहवाल पुण्याला गेला आणि बदलून आला. भाषा गुळगुळीत झाली होती, विभाग बंद करावा असं लिहिलं होतं, आणि खाली नाव ज्ञानदाबाईंचंच होतं.

ट्रस्टच्या बैठकीत त्या धीर करून उठल्या. "माझं मत हे नाही. हा विभाग बंद झाला तर बायका अडचणीच्या वेळी जाणार कुठं?"

सगळ्यांनी ऐकून घेतलं. कुणी रागावलं नाही, कुणी वाद घातला नाही. लालासाहेब प्रेमानं म्हणाले, "बाई, तुमची तळमळ कळतीय आमाला. पर गावाला मोठं मशीन आलं पायजे का न्हाई?" मग त्यांनी बाकीच्यांकडं वळून सांगितलं, "ह्या सोता सिस्टर होत्या बरं का. समदं बघूनच केलंय ह्यांनी." ठराव मंजूर झाला. शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि पुरणपोळीचं जेवण झालं. ज्ञानदाबाईंच्या ताटात तूप वाढायला स्वतः लालासाहेब आले.

बाहेर पायरीवर हरणाबाई बसली होती. "आवं बाई, तुमीच सांगितलं म्हनं बंद करा म्हनून?"

अहवालावरचं नाव ज्ञानदाबाईंचंच होतं. त्या एसटीच्या थांब्याकडं निघाल्या.

पुढं मशीनचं काम बघायला त्या पुन्हा गेल्या, तेव्हा भिंतींना नवा रंग लागत होता. दुपारी फाटकात एक जीप येऊन थांबली. मागच्या बाकावर एक पोर कळा देत होती आणि तिची सासू वॉचमनच्या हातापाया पडत होती. ज्ञानदाबाई धावल्या. पोटाला हात लावताच त्यांना कळलं, बाळ आडवं आहे, ऑपरेशनशिवाय सुटका नाही. इथं टेबल उरलं नव्हतं, डॉक्टर नव्हता.

"विट्याला न्या," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "हळू नका चालवू, पण खड्डे चुकवा."

त्या सोबत जायला चढू लागल्या, तोच कमरेतून कळ गेली आणि त्या फाटकाला धरून खाली बसल्या. हरणाबाई जीपमध्ये चढली.

पोर वाचली. बाळ वाटेतच गेलं.

ज्ञानदाबाईंनी राजीनामा लिहून पुष्करपुढं ठेवला. तो म्हणाला, "तुम्ही नसता तरी हेच झालं असतं, ताई." त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच त्यांना सोसवेना. मग त्यानं विचारलं, "राजीनामा देऊन करणार काय? वॉर्डात तर जाता येत नाही."

त्यांनी कागद परत घेतला.

त्या अहवालाचं पुण्यात फार कौतुक झालं. दिवाळीनंतर वाईकडच्या एका ट्रस्टनं कंपनीला कळवलं की आमच्याकडं त्या सिस्टरबाईंनाच पाठवा. ज्ञानदाबाईंनी कमरेचा पट्टा आवळला, इस्त्रीची साडी नेसल्या आणि सकाळच्या एसटीनं निघाल्या.