फीतभाऊंची काळी बाकडी

नवीन वस्तू दिसली आणि तिचं उद्घाटन झालेलं नसलं, की फीतभाऊंच्या जिवाची घालमेल होई. मग ती वस्तू पालिकेची असो, खाजगी असो, की कुणाच्या घरातला कूलर असो. स्कूटरच्या डिक्कीत कात्री, लाल फितीचं रीळ आणि एक नारळ ही त्यांची कायमची शिदोरी. खांबावरचा दिवा बदलला की फीत, गटारावरचं झाकण बदललं की फीत. फीत बांधायला जागा नसली, तर रस्त्याने जाणाऱ्या दोघांना थांबवून त्यांच्या हातात टोकं देत. आमच्या समोरच्या घरमालकाने एकदा घराला नवा दरवाजा बसवला, तर प्रमुख पाहुणे यायचे होते म्हणून भाऊंनी त्या बिचाऱ्याला त्याच्याच घराबाहेर ताटकळत उभं ठेवलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणजे भाऊंचे साडू. तेही उशिरा आले.

ही फीत माझ्या दुकानातून जाई. जुन्या चंद्रपुरात, परकोटाच्या आत, गेटजवळच्या गल्लीत माझं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, परकर, ब्लाऊजपीस आणि साटीनच्या फिती. एकदा लाल संपली होती म्हणून मी गुलाबी काढून दिली, तर भाऊंनी रीळ हातात फिरवून परत ठेवलं. म्हणाले, "नको वहिनी. गुलाबी दिसली का लोकाईले वाटते बारसं हाय." त्यांचं खरं नाव मतदार यादीत होतं आणि तिथेच राहिलं. फोन आला तर त्यांची बायकोसुद्धा सांगे, फीतभाऊ जेवून राह्यले, थोड्या वेळानं लावा.

भाऊंचा धंदा बिछायत केंद्राचा. मांडव, गाद्या, खुर्च्या, भोंगा. वॉर्डात लग्न असो की तेरवी, माणसं बसत ती भाऊंच्याच खुर्च्यांवर. त्यामुळे अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. सभागृहात त्यांचा एकच विषय. चर्चा पाण्याची असो, डासांची असो की मोकाट डुकरांची, भाऊ उठत आणि म्हणत, ते सगळं ठीक हाय, पण आमच्या बाजारगल्लीचं काय? पुढे पुढे ते नुसते उठले तरी बाकीचे नगरसेवक त्यांच्या वतीने हे वाक्य म्हणून टाकत.

पण गल्लीची अवस्था खरोखरच वाईट होती. माझ्या सासऱ्यांच्या काळात गोंडपिपरी, राजुऱ्याकडची माणसं बस्ता बांधायला याच गल्लीत यायची. एका टोकाला शिरायचं आणि दुसऱ्या टोकाला निघेपर्यंत नवरीचं सगळं घेऊन व्हायचं, अगदी जोडव्यांपर्यंत. मग गेटबाहेरचा रस्ता रुंद झाला, काचेची दुकानं आली, गाडी लावायला जागा आली. आमच्याकडे भांडीवाले गेले, सोनार गेले, बांगड्यांचं दुकान गेलं. बंद शटरांवर भरदिवसा वानरं येऊन बसू लागली. आमच्या ह्यांनीही बाहेरच्या रस्त्यावर एक गाळा बघून ठेवला. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता. काचेचं दार, आत पंखे, आणि ट्रायल रूमच्या पडद्याचा रंगही मी मनाशी ठरवून टाकला होता.

ही बातमी भाऊंना लागली आणि ते दुकानात येऊन बसले. चहा घेतला, दुसरा घेतला. शेवटी ह्यांना म्हणाले, "राजूभाऊ, तुमी गेले तं मांगचे बी जातीन. मंग मी कायचा नगरसेवक, बंद शटरचा? मिरग लागेपर्यंत थांबा. तवरक गल्ली नाई भरली, तं तुमचं सामान माह्याच मेटॅडोरमंधी टाकून नेऊन देतो."

हे भिडस्त. हो म्हणून बसले. मी दोन दिवस दोघांशीही बोलले नाही.

गल्ली भरायचा भाऊंचा पहिला उपाय असा की बिछायत केंद्रातली चार धिप्पाड माणसं, धुतलेले शर्ट घालून, रिकाम्या पिशव्या हातात घेऊन, संध्याकाळभर गल्लीत येरझारा घालत. गर्दी दिसली की गर्दी येते, असं भाऊंचं म्हणणं. भोंग्यावर सनई लावलेली. त्यातला एकजण नेमून दिल्याप्रमाणे माझ्या दुकानापुढे थांबे आणि खाली मान घालून परकराचा भाव विचारे. मी भाव सांगितला की "बरं" म्हणून सुटल्यासारखा पळे. एकदा खरंच एक गिऱ्हाईक बाई गल्लीत शिरली. तिने ओस पडलेली गल्ली पाहिली, सनई ऐकली, परकर चाचपणारा तो मिशाळ माणूस पाहिला आणि आल्या पावली परत गेली.

त्यानंतर भाऊंना बाकड्यांचं सुचलं. बँकेत कशासाठी तरी गेले होते, तिथल्या काळ्या चकचकीत दगडाच्या ओट्यावर टेकले आणि त्यांना साक्षात्कार झाला. आम्हाला येऊन सांगितलं, "माणूस बसला तं थांबते. थांबला तं पाह्यते. पाह्यलं तं घेते. आपल्या गल्लीत बसाचीच सोय नाई, मंग लोकं घेतीन काय?" आणि डोळे मिटून पुढे म्हणाले की तो दगड असा थंडगार लागला, की उठावंसंच वाटेना. बँकेत एसी होता हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना आमच्या. भाऊंनी आपला सगळा निधी त्या बाकड्यांना लावला आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना काळ्या ग्रॅनाइटची बाकडी बसली. प्रत्येकाच्या बैठकीवर भाऊंचं मतदार यादीतलं खरं नाव कोरलेलं, ठसठशीत. दर बाकड्याला वेगळी फीत. माझा त्या दिवशी लाल फितीचा साठा संपला.

ते दिवस थंडीचे होते. कोवळ्या उन्हात दगड असा उबदार लागे की म्हातारी माणसं सकाळपासून जागा धरून बसत. सगळ्यांनी भाऊंची वाहवा केली. आमच्या शहराचं नाव उन्हाळ्यात पेपरात पहिल्या पानावर येतं ते फक्त पाऱ्यामुळे, तरी पौषात कुणालाही वैशाख आठवला नाही. बाळंतपणाच्या कळा विसरतात ना, तसं आहे ते. दरवर्षी विसरतो.

होळी झाली आणि बाकडी तापू लागली. चैत्रात एक निवृत्त जमादार दुपारी सवयीने टेकले आणि जे उठले ते परेडला उठावं तसे. बाकड्यांना लोक तवे म्हणू लागले. मग भाऊंनी स्वतः बसून दाखवायचं ठरवलं. भर दुपारी, चार लोकांच्या देखत, शांत चेहऱ्याने बसले. कोण म्हणते गरम हाय म्हणून, असं म्हणाले आणि सांडपाण्याच्या नाल्यांवर बोलू लागले. बोलता बोलता आवाज चढत गेला. विषय नाल्यांचा आणि डोळ्यांत पाणी, म्हणून आम्हालाही भरून आलं. पुढचा आठवडाभर ते स्कूटरवर बसले नाहीत. हातात धरून ढकलत फिरायचे आणि विचारलं तर पेट्रोल वाचवून राह्यलो म्हणायचे.

इकडे मिरग जवळ येत होता आणि दुपारची गल्ली पूर्वीपेक्षाही ओस होती. वानरंसुद्धा त्या बाकड्यांवर टेकत नव्हती. मी हळूहळू फॉलचे गठ्ठे बांधायला काढले.

आमच्या मागच्या आळीत सरस्वताबाई राहतात. त्या पापड, कुरड्या करून विकतात. त्यांचं घर टिनाचं. वाळवण टिनावर घातलं की वानरं उतरायची. एका दुपारी त्यांनी साबुदाण्याची खीर शिजवून घमेल्यात आणली, बाकड्यावर प्लास्टिक अंथरलं आणि पळीने पापड्या घातल्या. स्वतः माझ्या दुकानाच्या सावलीत काठी घेऊन बसल्या. ऊन कलायच्या आत पापड्या कडकडीत वाळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची जाऊ आली, मग शेजारणी आल्या. आठ दिवसांत एकही बाकडं रिकामं राहिलं नाही.

भाऊ संतापले. इतके संतापलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. स्कूटर आडवी लावून ते सरस्वताबाईंच्या पुढे उभे राहिले.

"बाई, हे बसायसाठी हाय. वाळवणासाठी नाई."

सरस्वताबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा ना मंग भाऊ. मी पापड्या उचलतो. तुमी बसा, आमी पाह्यतो."

भाऊंनी बाकड्याकडे पाहिलं, वर सूर्याकडे पाहिलं, आणि एक महत्त्वाची मीटिंग आहे असं सांगून निघून गेले.

समेट झाला तो पापडीमुळेच. सरस्वताबाईंनी भाऊंच्या घरी डबाभर पापड्या पाठवल्या. बायकोने तळल्या, ताटात वाढल्या, आणि भाऊंच्या लक्षात आलं की पापडीवर काहीतरी उमटलेलं आहे. कोरलेल्या नावावर खीर ओतलेली, प्लास्टिक खाचेत बसलेलं, त्यामुळे अक्षरांचा ठसा पापडीवर जसाच्या तसा, फक्त उलटा. भाऊ ती तळलेली पापडी कागदात गुंडाळून माझ्या दुकानात घेऊन आले आणि आरशासमोर धरून मला वाचून दाखवली. पूर्ण नाव. त्या उन्हाळ्यात वॉर्डातल्या बहुतेक घरांनी आपला नगरसेवक तळून खाल्ला. असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं? भाऊंचा राग तिथेच विरघळला.

त्यानंतर ते खरे कामाला लागले. आपल्या गोदामातला मांडव काढून त्यांनी दुकानांच्या कडेने बायकांसाठी सावली धरली, आणि ती सावली बाकड्यांवर पडू नये म्हणून स्वतः बांबू सरकवत बसत. कुणाच्या मुगवड्या आधी, कुणाच्या कुरड्या नंतर, यावरून भांडणं झाली की निवाडा भाऊंचा. राखण करणाऱ्या बायका दिवसभर सावलीत बसायच्या. बसल्या की थांबायच्या, थांबल्या की बघायच्या. एकीने फॉल घेतला, दुसरीने अस्तर. तिखट-मसालेवाला गाडी लावू लागला, कुल्फीवाला आला. बांगड्यांच्या दुकानाचं शटर उघडलं तेव्हा आतून दोन वानरं निघाली. शेजारच्या वॉर्डातल्या बायका घमेली घेऊन रिक्षाने येऊ लागल्या. माझी दुपारची झोप गेली ती कायमची.

मिरग लागला. पहिल्याच दिवशी सकाळी भाऊंचा मेटॅडोर आमच्या दुकानापुढे येऊन उभा. दिलेला शब्द. भाऊ खाली उतरले, कात्री नाही, नारळ नाही, चेहरा उतरलेला. बायकांचं वाळवण संपलं, आता ही गर्दी राहणार का जाणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणाले, सामान चढवाचं काय? हे माझ्याकडे बघू लागले. आतमध्ये लग्नघरच्या तिघी ब्लाऊजपीसच्या ढिगात हरवल्या होत्या. उन्हाळ्यात पापडाच्या निमित्ताने आलेल्याच होत्या त्या. मी भाऊंना म्हटलं, तो मेटॅडोर आधी बाजूला घ्या, माझी गिऱ्हाइकं अडली आहेत.

भाऊ ड्रायव्हरवर उगाचच ओरडले. मग रुमालाने डोळे पुसत राहिले आणि घाम गेला म्हणाले. आभाळ तर भरून आलेलं होतं, वारं गार सुटलं होतं.

पुढे त्यांची मुदत संपली आणि निवडणूक काही लागेना. वर्षं गेली. पण भाऊंना कुणी माजी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. गल्ली हळूहळू बारमाही झाली. भांडीवाले परत आले, एक पोरगी मेहंदीचं दुकान टाकून बसली, आणि सरस्वताबाईंच्या पापड्या गडचांदूरपर्यंत जाऊ लागल्या. त्या उलट्या अक्षरांना लोक छाप समजतात, म्हणून सरस्वताबाई कोरलेलं नाव सोडून दुसरीकडे पापड्या घालतच नाहीत.

गेल्या लग्नसराईत भाऊंना हृदयाचा त्रास झाला. नागपूरला नेलं, बरेच दिवस ठेवलं, आणि मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या, याचा अर्थ सगळ्यांना कळतो. भाऊंचं घर गल्लीच्या पलीकडच्या टोकाला, आणि अँब्युलन्स गेटपर्यंत आली ती संध्याकाळी, ऐन बाजाराच्या वेळी. सायरन वाजवून पाहिला, हॉर्न वाजवून पाहिले, गाडी तसूभर पुढे जाईना. शेवटी बिछायत केंद्रातली माणसं धावली आणि गोदामातली नवरदेवाची खुर्ची घेऊन आली, मखमलीची, सोनेरी हातांची. भाऊंना तिच्यात बसवलं आणि चौघांनी उचललं. नवरदेव समजून एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्यावर अक्षता टाकल्या.

ते माझ्या दुकानाजवळ आले तेव्हा त्यांचा आवाज मला ऐकू आला. अगदी बारीक झाला होता.

"गाडी काऊन नाई आणली अंदर?"

"गल्ली भरून हाय भाऊ. घुसतच नाई."

"पुरी भरून हाय?"

"पुरी, गेटपासून."

भाऊंनी मान उचलून पुढे पाहिलं. मग म्हणाले, "मंग हळू चला. मले पाहू द्या."

ती माणसं त्यांना इतकं हळू घेऊन चालली की मागच्या गर्दीला वाटलं, काहीतरी अडलं आहे. भाऊ एकेका दुकानाकडे मान वळवून पाहत होते. त्याच आठवड्यात ते गेले. पण त्या संध्याकाळी त्यांना पाहून मी गल्ल्यावरून उठले, पायात चप्पल घालू लागले. समोर एक बाई साडी उलगडून उभी होती. भाऊंनी खुर्चीतूनच हात वर केला.

"बसा वहिनी," म्हणाले. "पहिले गिऱ्हाईक पाहा."

मी बसले. त्या बाईला मोरपिशी फॉल हवा होता. मला रंग दिसत नव्हते, म्हणून सगळा गठ्ठाच तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, बाई, तुम्हीच बघून काढा.