इमानघरातला माणूस

मेहकरहून सुलतानपूरकडे निघालं की गाव संपता संपता माळावर काळ्या दगडाची एक गोल इमारत दिसते. इंग्रजांच्या काळात टपालाची विमानं वाट चुकली तर उतरायला हा माळ राखून ठेवलेला होता, आणि इमारतीच्या डोक्यावर दिवा फिरायचा. विमानाला इमान म्हणणाऱ्या लोकांनी तिला इमानघर म्हटलं. तेच नाव राहिलं.

महामाया वानखडे शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांचे यजमान दयाराम हवाई दलात फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले ते विमानांचं भंगार जमवायच्या नादाला लागले. पंखा, चाकं, उंची दाखवणारी तबकडी, एका जुन्या ग्लायडरचं खुर्चीसकट पुढचं तोंड. खेटे घालून परवानगी मिळवली, ओस पडलेल्या इमानघरात सगळं मांडलं आणि दारावर संग्रहालयाची पाटी लावली. ते गेल्यावर किल्ली बाईंकडे आली.

बाईंचा स्वतःचा नाद वेगळा होता. करणी, भानामती, अंगात येणं, या सगळ्याशी त्यांनी जन्मभर भांडण केलं. लिंबातून रक्त काढणाऱ्या बाबाची युक्ती त्या वर्गात मुलांकडूनच करवून घेत. भूत असतं तर मी तुम्हाले त्याची आकृती काढून नावं द्यायले लावली असती, असं म्हणत.

मग माळावर व्यापारी संकुल उभारायचं ठरलं. इमानघर पाडायचं, सामान कुठंतरी ठेवू, असं सांगण्यात आलं. बाईंनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या. लोक सह्या द्यायचे आणि दुकानगाळे कुणाला मिळणार ते विचारायचे. शेवटी त्यांचा जुना विद्यार्थी धम्मरत्न, आता वकील झालेला, कोर्टात गेला. तो म्हणाला, "मॅडम, स्थगिती मिळन. पन तोवर भिंती उभ्या राह्यल्या पाह्यजे."

भिंती कशा राहतील याचा विचार करताना बाईंना जे सुचलं त्याची त्यांना लाज वाटली. तरी पिठाच्या गिरणीत गिरणीवाल्या पुष्पांजलीजवळ त्या सहज बोलल्यासारखं बोलून गेल्या, की कुलूप लावताना जिन्यावर कुणीतरी चालतं. चामडी कोट घातलेला एक गोरा पोरगा एकदा वळणावर दिसला. एवढंच. पुष्पांजलीला सांगितलं म्हणजे अर्ध्या गावाला सांगितलं.

मनातल्या मनात मात्र त्यांनी तो पोरगा पुरा घडवला होता. धुक्यात भरकटलेला, माळाखालच्या चिखलात विमान आपटलेलं, गाळात एक बूट रुतून राहिलेला. एका पायात बूट नसलेला तो चालत येतो. बुटाचं त्या कुणालाच बोलल्या नाहीत. फारच नाटकी वाटलं असतं.

गोष्ट फिरून त्यांच्याकडे आली तेव्हा चांगलीच फुगली होती. शेळ्या माळावर यायच्या बंद झाल्या. गावातल्या जेसीबीवाल्यानं काम नाकारलं. ठेकेदारानं मग जालन्याकडून दुसरं यंत्र आणवलं. चालक सकाळीच पोचला होता, कुणाशी धड बोललाही नव्हता.

भर दुपार होती. बाई बंद दारासमोर किल्ली मुठीत धरून उभ्या होत्या. चालक भिंत बघायला मागच्या खिडकीकडे गेला, परत आला आणि त्यानं यंत्र बंद केलं.

"आत बसलेल्या माणसाला आधी बाहेर काढा," तो म्हणाला.

"आत कोणी नाही. कुलूप आहे."

"खुर्चीत बसलाय ना. एका पायात बूट नाही त्याच्या."

हे तुला कुणी सांगितलं, असं बाईंनी विचारलं. तो गोंधळला. संग्रहालयाचाच कुणी नोकर असेल असं त्याला वाटलं होतं. ठेकेदार चिडून दार उघडा म्हणाला. बाईंनी उघडलं. ग्लायडरची खुर्ची रिकामी होती. बाईंनी तिच्या चामड्यावर हात ठेवला. वैशाखात बंद खोलीतलं सगळं तापलेलं होतं, पंख्याच्या पात्याला हात लावता येत नव्हता. खुर्ची गार होती.

चालक त्या दिवशी परत यंत्रावर चढला नाही. तो निघून गेला, दुसरा लवकर मिळाला नाही, आणि तेवढ्यात स्थगिती आली. पुढं तज्ज्ञ येऊन दगड, जिना, दिव्याची बैठक पाहून गेले. इमारत वारसा म्हणून जपायचं ठरलं. संकुल दुसरीकडं गेलं. आता उंद्री-चिखलीकडच्या शाळांच्या सहली येतात. पोरांना उंचीची तबकडी दाखवली तरी ती जिन्याकडंच बघतात. भूत आहे का, असं विचारतात. बाई पूर्वीसारखं चटकन नाही म्हणत नाहीत. विषय बदलतात.

निकालाचे पेढे घेऊन धम्मरत्न आला तेव्हा हसत म्हणाला, "मॅडम, तुमचं भूत कामी आलं बरं."

"माझं काऊन?"

"मी तुमच्याच वर्गात शिकलो ना."

बुटाची गोष्ट ओठांवर आली होती. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि त्याच्याबरोबर ती गोष्टही गिळून टाकली. आपण मनात रचलेला माणूस दुसऱ्याला दिसला, की तो आधीपासूनच तिथं होता आणि आपल्याला फक्त सुचला? यातलं कुठलं खरं मानायचं, ते त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

रोज सकाळी त्या संग्रहालय उघडतात. कुलपाला हात लावायच्या आधी कडी वाजवतात, जरा थांबतात, मग किल्ली फिरवतात. कुणी विचारलं तर आत चिमण्या असतात, दचकतात बिचाऱ्या, असं सांगतात.